चार गेअर मागे, एक पुढे

ये, अशी जवळ सरकून बस. उंबऱ्यातूनच 'मोठी माय, बरी हायस ना' विचारून पळायची रीत कुठं शिकलीस गं? वर्षानं येतेस आणि आल्या आल्या नाकाला ओढणी लावतेस. वास तर येणारच. ऊन चढलं की परसातल्या त्या गाडीखाली अजून गेअर ऑइलचा एखादा थेंब पडतो आणि उग्र, गंधकासारखा वास अंगणभर पसरतो. दुसऱ्यांना मळमळतं. मला मात्र दोन माणसं दिसतात, कोपरापर्यंत काळी झालेली, एकाच कागदावरची भजी खाणारी. एक माझे मालक, दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा बाप.

अंबाजोगाईत गॅरेजं काय कमी होती? पण या दोघांचे चार हात लोकांना एकाच माणसाचे वाटायचे. एकानं नुसता तळवा मागं केला की दुसरा न बोलता त्यावर नेमका पाना ठेवायचा. ही गाडी कुणीतरी टाकून दिलेली. चौकोनी, पांढरी, लोखंडी ट्रंकेला चाकं लावावीत तशी. इंजन पार बसलेलं. त्याच सुमाराला चकलांबा-उमापूर रस्त्यावर पाशिंजर भरणारी एक जीप मोडीत निघाली. त्या जीपमधून मी कितीदा उमापूरला माहेरी गेलते, दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेऊन. तिचं डिझेल इंजन, गेअरबॉक्स आणि मागची चाकं फिरवणारा अख्खा एक्सल काढून या ट्रंकेत बसवायचा, असं दोघांच्या डोक्यानं घेतलं. "वैनी, आता तुमची जीपच दाराशी लागणार, खिडकीची जागा तुमची," तुझा बाप म्हणायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाकरीलासुद्धा ग्रीसचा वास होता, आणि खरं सांगते, इतकं सुख मी पुन्हा पाहिलं न्हाई.

जीपचा एक्सल गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसेना. त्याला टेकायला नव्या लोखंडी बैठका जोडायच्या होत्या. वेल्डिंगला सोपं पडावं म्हणून तो जमिनीवर पालथा घातला. मालकांनी खडूनं खुणा केल्या, तुझ्या बापानं वेल्डिंग केलं, आणि त्या आगीत खडू जळून गेला. एक्सल पालथा आहे हे काही दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तसाच तो गाडीखाली चढला.

पहिल्या फेरीला मी पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली, नारळ फोडला. सगळी गल्ली जमली. मालकांनी पहिला गेअर टाकला, आणि गाडी मागं गेली ती थेट पाण्याच्या हौदावर. दुसरा टाकला, तरी मागंच; पालथ्या एक्सलानं चाकंच उलटी फिरत होती. लिंबं जिथल्या तिथं, हिरवीगार. शेजारचे लेथवाले चाचा दाढी कुरवाळत म्हणाले, "वा मास्टर, चार गेअर पीछे के, एक सामने का. उमापूरकू उलटेच जाना पडता." गल्ली हसली. हे दोघं हसले असते तर दिवसभरात काम निघालं असतं. बैठका कापायच्या, एक्सल सरळ करायचा, झालं. पण मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "वेल्डिंग कुणी केलतं बे?"

तुझ्या बापानं वर न बघता म्हटलं, "खुणा कुणी केलत्या, दादा?"

एवढंच. त्यानं रॉकेलनं हात धुतले, आपले पाने गोणपाटात गुंडाळले आणि संभाजीनगर गाठलं. मग जो त्या बैठका कापील तो चुकला, असं दोघांनीही मनाशी धरलं. मालक रोज दिवेलागणीला त्या गाडीत स्टिअरिंग धरून बसायचे, पण पाना म्हणून लावला नाही. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "पडू दे. ज्याचं काम त्यानं करावं." असं म्हणता म्हणताच गेले.

दहाव्याला तुझा बाप आला. गाडीपाशी उकिडवा बसून त्यानं खालच्या बैठकांवरनं बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडंल. उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वैनी, खूण दादाचीच होती." गेलेल्या माणसाला हरवून त्याला काय मिळालं, ते मला अजून कळलं न्हाई.

म्हातारपणी माझंही मन त्या गाडीसारखंच झालंय, कुठलाही गेअर टाका, मागंच पळतं. इंजन गंजलं, धरणारे हात गेले, चूक मात्र जिथल्या तिथं शाबूत. आणि मला दोघांनीही कधी विचारलं नाही, म्हणून तुला सांगते. खडू कुणाचा अन् वेल्डिंग कुणाचं हे सोड. तो एक्सल एकट्या माणसाला उलटत नसतो. एका टोकाला माझे मालक, दुसऱ्या टोकाला तुझा बाप, 'हं, उचल' म्हणत, हसत हसत, दोघांनी मिळून पालथा केलता तो. मी दारात उभी होते.

पोळा झाला की माझा लेक भंगारवाल्याला बोलावणार हाय. त्याच्या आत पुन्हा ये बाई, आणि बापाला संगं आण. सरळ करायलाही दोघं लागतात, म्हणावं. एक टोक मी धरते. लवकर या.