केबिन बघायला आलेले आजोबा

आज ऑफिसच्या बाहेरच्या सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेले दिसले आणि मला आजोबा आठवले.

आजोबा एका मोठ्या कारखान्यातून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. मला बढती मिळाली तेव्हा माझी केबिन बघायला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, न कळवता आले. मी रिसेप्शनवर निरोप दिला, “मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा.” मीटिंग नव्हतीच. आत येऊन ते माझ्या सहकाऱ्यांना शिस्तीवर चार गोष्टी ऐकवतील, याची मला लाज वाटत होती. तासाभराने मी बाहेर आले, तर ते निघून गेले होते.

घरी गेल्यावर म्हटलं, “आजोबा, सॉरी हं.”

“अगं, सॉरी कसलं? मीटिंग अर्धवट सोडायची नसते. मी कधी सोडली नाही.”

खरं सांगायचं मी मनात ठरवत राहिले, आणि दोन वर्षांनी ते गेले. भेटायला आलेले शेजारचे काका म्हणाले, “तूच ना ती नात? ‘मला भेटायलासुद्धा तिला वेळ नव्हता, एवढं मोठं काम करते,’ असं आजोबा कौतुकाने सांगायचे सगळ्यांना.”

मी नुसती मान हलवली.