धर एक बोट

“हं, धर एक बोट,” म्हणत आबा दोन बोटं समोरच्याच्या नाकापुढं करायचे. “ह्ये सरकार, ह्ये पैसेवालं. तेल कुणामुळं म्हाग झालं?”

बारामती एमआयडीसीत, आमच्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यासमोरच्या टपरीवर हा खेळ रोज चाले. सरकारचं बोट धरलं तर आबा व्यापाऱ्यांची साठेबाजी सांगत. दुसरं धरलं तर म्हणत, “आन् त्यास्नी मोकळं रान कुणी दिलं?” हरायचा समोरचाच, आणि हसत हसत आबांचा चहाही तोच पाजायचा. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मी मात्र त्यांच्यावर जळायचो. खोटं कशाला बोलू? आम्ही दोघंही कंत्राटी, एकाच मशीनवर. मी मोरगावाकडून येणारा, ते बावड्याचे, इथं खोली घेऊन राहणारे. पण माझ्याशेजारी टपरीवर कुणी मुद्दाम बसलं नाही कधी. जेवताना ते न विचारता अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकत. त्याचाही मला राग यायचा. माझ्या डब्याची कीव केल्यासारखं वाटायचं.

एकदा खुद्द मालक टपरीवर आले. आबांनी त्यांच्यापुढंही बोटं केली. मालकांनी हसत सरकारचं बोट धरलं.

“मला वाटलंच हुतं,” आबा म्हणाले. मालक खळखळून हसले. आबांचं नाव, गाव सगळं विचारलं त्यांनी. मी बाजूलाच उभा होतो. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवाळीला आमच्यातल्या एकालाच कायम करणार होते. ते आबाच असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला घरी गेल्यावर जेवण जाईना.

मी सुपरवायझरला सहज बोलल्यासारखं सांगितलं, “आबा टपरीवर मालकांविरुद्ध कामगारांचे कान भरतात.” एवढंच. कंत्राटदाराच्या पुढच्या महिन्याच्या यादीत आबांचं नाव नव्हतं. माणसं जास्त झालीत, असं त्यांना सांगितलं गेलं. मी कायम झालो.

शेवटच्या दिवशी ते माझ्यासाठी पिशवीभर पेरू घेऊन आले. “तुझं झालं, लई बरं वाटलं गड्या. दोघांतल्या एकाचं तरी झालं.”

मग गेटाबाहेर गाडीला किल्ली लावता लावता थांबले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“खरं सांग. मला काढलं कुणी? मालकानं, का ह्या सरकारच्या कायद्यानं?”

पिशवीचा बंद माझ्या बोटांत रुतत होता.

“कायदाच तसा झालाय, आबा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता नेहमीसारखा उलटा प्रश्न येईल, असं मला वाटलं.

“व्हय, तसंच आसंल,” ते म्हणाले आणि गाडी सुरू करून बावड्याच्या वाटेला लागले. उभ्या आयुष्यात माझं म्हणणं त्यांनी वाद न घालता मान्य केलं ते तेवढंच.