मावशींचा बहिरा कान

खिचडीवाल्या मावशींचा नेमका कोणता कान बहिरा होता, हे आमच्या शाळेत कुणालाच सांगता यायचं नाही. 'अजून एक पळी वाढा' म्हटलं की त्यांना दोन्ही कानांनी लख्ख ऐकू यायचं. 'खिचडी करपली' म्हटलं की दोन्ही कान बंद! सेनगावकडच्या त्या शाळेत मी सातवीत होते आणि वर्गात सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

ताटात वाढताना मावशी प्रत्येक मुलीला 'माय' म्हणायच्या. "घे माय, गरम हाय, हात भाजून घेशील." आमच्याकडे लेकींना लाडानं असंच म्हणतात.

बंजारा तांड्यावरची सविता वर्गात नवीन आली होती. एकदा फाटकापाशी आई दिसताच ती "याडी!" म्हणत पळत सुटली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, हे मला कुठे ठाऊक? मला ऐकू आलं 'येडी'. स्वतःच्या आईला येडी म्हणते! मी पोट धरून हसले आणि तिचं नावच येडी ठेवलं. दोन दिवसांत सगळी शाळा तेच म्हणू लागली, खिचडीच्या रांगेतसुद्धा. सविता आधी जेवायची थांबली, मग शाळेतच यायची थांबली.

त्याच आठवड्यात मावशींनी मला वाढताना म्हटलं, "घे याडी."

"मला येडी काहून म्हणता?" मी भडकले.

"काहून म्हंजे? तुमीच तर त्या लेकराला म्हणून राहिल्या व्हत्या. मला वाटलं, पोरी किती माया करतेत, तिच्याच बोलीत माय म्हणून हाका मारतेत. याडी म्हंजे मायच की!"

मला लाज वाटली, रागही आला. मावशी मात्र शांतपणे पातेलं खरवडत होत्या. त्यांना खरंच चुकीचं ऐकू आलं होतं का?

सोमवारी त्या तांड्यावर जाऊन सविताला घेऊन आल्या. रांगेत तिला म्हणाल्या, "घे याडी." मग मला, मग सगळ्यांनाच. सविता गोंधळली, मग हसली. मी तिच्या शेजारी जेवायला बसले, पण माफी मागायचं काही जमलं नाही.

आता मीही शिक्षिका आहे. गेल्या वर्षी मावशींना भेटायला गेले, तेव्हा सरळच विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्हाला नीट ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं?"

त्यांनी दुसरा कान पुढे केला. "आं? जेवून जा, याडी."

महिन्याभरात मावशी गेल्या. त्या शेवटच्या हाकेत माय किती होती आणि येडी किती, ते मला अजून कळलेलं नाही.