‘मारो, मारो’ म्हणणारी हडळ

नंदुरबारला गाडीत बसले तेव्हा मांडीवर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची पिशवी होती आणि डोक्यात एकच काम. धाकट्या बहिणीला, सुमनला, बारडोलीकडच्या एका मसणवट्यात घेऊन जायचं. निघताना असलं काही बोलू नये म्हणतात, पण खरं ते खरं.

सुमनचं बिऱ्हाड सुरतेच्या डिंडोलीत. लग्नानंतर दोघं ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला आली, पहिली लेक तिथंच झाली आणि बारशाआधीच गेली. एवढ्या तान्ह्याला अग्नी देत नाहीत, म्हणून शेतामागच्या जुन्या मसणवट्यात पुरलं. पुढे सुमनचा नवरा कापडाच्या लूमवर लागला आणि सुरत हेच घर झालं. आता दोघं कायमची गावी परतणार होती. त्याआधी लेकीला, तिच्या मातीवर, एकदा दूध घालावं, एवढंच सुमनच्या मनात. पण तिथं हडळ होती ना!

सुमनच्या घरी रात्री जेवताना कढी-फुणके (वाफवलेल्या डाळीचे मुटके) वाढता वाढता तिनं सगळं पुन्हा सांगितलं. दिवेलागणीला मसणवट्यातून बाईचा आवाज यायचा, “मारो... मारो...” तोडणीच्या बायका पोरांना पोटाशी धरून झोपड्यांत बसायच्या. म्हणायच्या, हडळ आपली पोरं मारायला सांगते. त्या भीतीनं सुमन पुन्हा तिकडे फिरकली नाही.

“आक्का, माले आजूनबी भेव वाटस.”

“आते आपुन दोन्ही हडळीसारख्याच दिसतस. तीच भ्याई जाई!” मी म्हटलं, तेव्हा कुठं हसली.

सकाळी नाक्यावर लोचो खाल्ला. डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, वर तेल आणि शेव. दिसायला काही नाही, पण मी दोनदा मागून घेतला. बसमध्ये कंडक्टर ओरडला, “आगळ, आगळ!” आपल्याकडे आगळ म्हणजे दाराचा अडसर. मी इमानदारीनं दार चाचपायला लागले. मागची बाई म्हणाली, “मावशी, पुढं सरका म्हणतोय तो!” सगळी बस हसली. मीही हसले, काय करणार?

उतरल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, मधून गाडीवाट. शेवटी चिंचेखाली मातीचे बुटके उंचवटे. कुठे दगड, कुठे नुसतंच गवत. सुमननं माझा पदर धरला. किटलीतलं दूध हिंदकळत होतं.

“कोने शोधो छो, बेन?” (कुणाला शोधताय?) गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी मागून आली. जमनाबेन तिचं नाव. सुमन गुजराती फडाफड बोलते, पण तेव्हा अडखळत विचारलं, इथली ती हडळ अजून आहे का?

जमनाबेन आधी हसली, मग भारा खाली ठेवला. “ए तो मारी सासु हती.”

सासूचा पहिला मुलगा इथं पुरलेला. कामं आटोपली की ती संध्याकाळी येऊन बसायची आणि ‘मारो दीकरो, मारो दीकरो’ म्हणून रडायची. पुष्कळदा हुंदक्यानं पुढचा शब्द निघायचाच नाही.

सुमननं माझा पदर सोडला. “आक्का... मारो म्हणजे माझा. माझा, माझा म्हणायची गं ती!”

रोज गुजरातीत भाजी घेणारी माझी बहीण! पण ही भीती तिला गुजराती यायच्या आधीची. त्या भीतीला कोण समजावणार?

मग ती उंचवटे पाहत फिरली. या दगडापाशी, नाही, त्या तिथं. खूण काहीच उरली नव्हती. “मन्ही आंडेर (लेक) कोठे शे, तेबी माले समजत नही,” म्हणून रडायला लागली.

जमनाबेननं तिच्या पाठीवर हात ठेवला. सासू दर अवसेला दूध आणायची आणि सगळ्यांनाच थोडं थोडं घालायची. ती गेल्यापासून जमनाबेन घालते.

“आमच्या तोडणीवाल्यांच्या लेकरांनापण?” मी विचारलं.

“नाना छोकरामां पारकुं शुं?” (लहान लेकरांत परकं काय?)

सुमननं डोळे पुसले. किटली उघडली आणि पहिल्या उंचवट्यापासून धार धरली. सगळ्यांना पुरावं म्हणून बारीक, अगदी बारीक.

परतीच्या गाडीत खिडकीतून ऊस मागे पडताना माझ्या मनात येत होतं, आम्ही जिला इतकी वर्षं भ्यालो, तीच आमच्या पोरीला दूध पाजत होती. गावात बायका विचारतीलच, हडळ पाहिली का? त्यांना सांगणार आहे, भेट व्हायची राहिली बायांनो, आम्हीच उशिरा गेलो.