थंड गाठ

मला अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील युनियनची पत्रकं मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आणून टाकायचे आणि आई आणि मी घड्या घालून त्यांचे गठ्ठे बांधायचो. शाळेत जायच्या आधीच मला ‘जाहीर’ हा शब्द वाचता येत होता. त्यामुळंच असेल, जे खरं आहे ते मोठ्या टायपात छापून हातात दिलं की लोक आपसूक शहाणे होतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले. लपवाछपवीची मला चीड आहे. बाईचा पाय मुरगळला तर गल्ली विचारपूस करायला येते, आणि छातीत गाठ लागली तर ती नवऱ्यालाही सांगत नाही. हे मला सहन होत नाही.

म्हणून आमच्या महिला मंडळानं वस्त्यांवर जाऊन स्तनांच्या आरोग्याची मोफत माहिती द्यायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मी लिहिलं. बोलायचं काम एका निवृत्त नर्सबाईंकडं होतं. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. त्यांनी घरीच एक नमुना शिवला होता: स्पंजाचा गोळा, वरून मऊ कापड, आणि आत वेगवेगळ्या खोलीवर दडवलेले साबुदाणा, वाटाणा आणि चिंचोका. बायकांनी तो चाचपून गाठी शोधायच्या, म्हणजे स्वतःला तपासताना काय हाताला लागू शकतं याचा अंदाज येतो.

पडेगावच्या पुढं दौलताबाद रस्त्याला एक धनगरवस्ती आहे. मेंढरं आता थोड्याच घरांत उरलीत. पुरुष बांधकामावर नाहीतर शेतात जातात. शेळ्या मात्र घरटी आहेत आणि त्या बायकांच्या ताब्यात असतात. दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बायका जमल्या. माझं पत्रक त्यांनी घेतलं. एकीनं ते फरशीवर अंथरलं आणि त्यावर बसली.

नमुना मात्र सगळ्यांनी हातात घेतला. इतर ठिकाणी बायकांना वाटाणा सापडेपर्यंत सिस्टर धीर देत बसायच्या. इथं बोलता बोलता साबुदाणासुद्धा सापडला. फिरत फिरत तो गोळा पन्नाशीच्या एका मावशीकडं आला. शेळीच्या कासेला काही झालं की वस्ती हिलाच हाक मारते, असं शेजारणीनं माझ्या कानात सांगितलं. मावशीनं गोळा दाबला आणि परत दिला.

“ह्याला काय नाय. थंड हाय.”

“म्हणजे?” सिस्टरनी विचारलं.

“म्हंजी दगडी नाय. दगडी झाली की कास तापती. शेळी हात लावू देत नाय, लाथ झाडती. ही थंड गाठ. थंड गाठ आपली निवांत ऱ्हाती, तिच्या नादी लागू नाय.”

बायकांनी माना डोलावल्या. सिस्टर म्हणाल्या, “बाईचं तसं नसतं, मावशी. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते तपासल्यावर कळतं. दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही. उलट तिच्याकडंच जास्त लक्ष द्यायचं.”

“असं कसं,” मावशी म्हणाली. “माझ्याकडं बी हाय की एक, डाव्या अंगाला. दिवाळीच्या आधीपासून. थंड. मला कुठं काय झालं?”

भांडणात एखादा दाखला द्यावा तसं तिनं हे सांगितलं. तिची जाऊ शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आन् मला बोलली नाय ते.”

“बोलायचं काय त्यात? तुझ्या पाठीवर चामखीळ हाय, तू सांगत हिंडती का?”

बायका हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मावशीला पडद्याआड नेलं. बाहेर आल्यावर तिला म्हणाल्या, उद्या सरकारी दवाखान्यात यायचं, मी सोबत असेन. मग मला बाजूला घेतलं. “चिकटून बसलीय. बोटाखालून सरकत नाही. तपासल्याशिवाय काही म्हणायचं नाही, पण हिला थांबू द्यायचं नाही.”

मावशी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिस्टरना दुसरी वस्ती होती, म्हणून मी गेले. बसमध्ये मी भाषण तयार करत होते. अंधश्रद्धा, अज्ञान, बाईनं स्वतःच्या जिवाकडं केलेलं दुर्लक्ष, सगळे मुद्दे ओळीनं लावले होते.

ती गोठ्यात होती. मला बघून म्हणाली, “आलं का पत्रक चालत?”

“आला का नाहीत, मावशी?”

“ही व्यायला झालीय,” तिनं एका शेळीकडं बोट केलं. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “खरं सांगू का? मी लोकांला सांगती, थंड गाठीला भिऊ नका. आन् मीच भिऊन दवाखान्यात जाऊ? उद्या माझ्या हाताला कोण इचारंल?”

भाषण सुरू करायची वेळ हीच होती. पण ती बोलता बोलता दुसऱ्या एका शेळीची कास बघत होती. मागच्या पायांमधून हात घालून, नजर भलतीकडंच. मला राहवलं नाही. काय कळतं त्यातून? तिला नुसत्या हातानं काय दिसतं?

“मला लावू द्या ना हात.”

तिनं माझं मनगट धरून हात ठेवला. “बोटं टोचू नको. जोडून, चपटी लाव. आधी ऊन लागतं का बघ. मग हळू दाब.” कास कोमट होती, पिठाच्या पिशवीसारखी भरलेली. शेळीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला हे सगळं जाणून घ्यायचं होतं. दगडी कशी लागते, दूध कसं फाटतं, एक सड आटला तर दुसरा भरपाई करतो का. ती सांगत गेली. मग मी विचारलं, थंड गाठ तुम्हाला पहिल्यांदा कुठल्या शेळीला लागली?

“बांडी होती एक, काळी-पांढरी. लई गुणाची. तिच्या उजव्या अंगाला, आवळ्यायेवढी.”

“पुढं काय झालं तिचं?”

“काय व्हायचंय? दूध कमी पडलं, तवा लासूर टेशनच्या बाजाराला काढली.”

“आणि बाकीच्यांना लागली, त्यांचं?”

“त्या बी इकल्या. एका सडाची शेळी कोण पोसतंय?”

“म्हणजे थंड गाठवाली घरात ठेवलीच नाही कुठली?”

“ठिवून काय करायचं,” ती म्हणाली आणि थांबली. हात कासेखालीच राहिला.

मी काही तिला पेचात पकडायला विचारलं नव्हतं. मला त्या बांडीचं पुढं काय झालं ते खरंच हवं होतं. आपण काय विचारून बसलो हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“म्हंजी पुढचं मला म्हाईतच नाय,” ती म्हणाली. हात बाहेर काढत म्हणाली, “खाटकाला म्हाईत असंल.” आणि मग, हात धूत, “उद्या किती वाजता यायचं?”

रांगा लागल्या, सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, सुईनं गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट कॅन्सरचा आला. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढून मावशीला, तिच्या नवऱ्याला आणि मला सगळं सावकाश सांगितलं: ऑपरेशन करू, काखेतल्या गाठीही काढून तपासू, पुढची औषधं त्यावर ठरतील. नवरा खाली बघत होता. मावशीनं एकच विचारलं, “काढल्यावर मला दाखवाल का?”

“तुम्ही गुंगीत असाल. आम्ही नातेवाइकांना दाखवतो.”

“मग हिला दाखवा. ह्यो माणूस बोकड कापताना बी बाहेर जाऊन बसतो.” नवऱ्यानं मान डोलावली, त्यालाही हेच बरं वाटलं असावं. मावशी माझ्याकडं वळली. “नीट बघ. उगं एक दिसलं, दोन सांगितलं, असं करू नको.”

ऑपरेशनच्या दिवशी दारातून हाक आली. नर्सच्या हातात ट्रे होता, त्यात काढलेला भाग. डॉक्टर मागं उभ्या होत्या. मावशीचं सांगणं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मला हातमोजा दिला आणि गाठीवर दिलेला काप उघडून धरला. मला वाटलं होतं मला राग येईल. राग मला कशाचाही पटकन येतो. पण मी बघत राहिले. भोवतीची चरबी पिवळीधमक होती आणि मधोमध राखट पांढरं काहीतरी बसलं होतं. त्याला गोल कडा नव्हती. ते सगळीकडून बाजूच्या चरबीत शिरलं होतं, एका अंगाला जास्त. बोट फिरवलं तर वाळूसारखं खरखरलं. एवढीशी ती गाठ. आणि महिनोन्‌महिने जराही न दुखता तिनं हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात उशीला टेकून बसली होती. कुशीतून एक नळी निघाली होती.

“सांग.”

मी सांगितलं. रंग, आकार, खरखर. सजवलं काही नाही.

“मुळ्या सुटल्यावानी?”

“हो. खालच्या अंगाला जास्त.”

“म्हणून सरकत नव्हती,” ती म्हणाली. “आन् थंड व्हती का?”

“हातमोजा होता, मावशी. कळलं नाही.”

“मग कामून घातला?”

तिनंच विषय सोडला. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट यायचा होता. त्या गाठी पुढं चांगल्या निघाल्या, पण ते त्या दिवशी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मावशी छताकडं बघत होती, तेवढ्यात जाऊ डबा घेऊन आली.

“बस इथं,” मावशीनं तिला पायथ्याशी जागा केली. “ही काय सांगती ते ऐक. आन् घरी गेली की आंघोळीच्या वक्ताला सोताचं बघ. बोटं जोडून, चपटी. ऊन लागतं का थंड, ते बघू नको.”

जाऊनं डबा मांडीवर धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.