नलिनी टीचरांचं गप्प बसणं

नलिनी परेरा यांनी सिल्वासाच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं दुरुस्त केली. भाजीवाल्याचा हिशेब, रिक्षावाल्याचा रस्ता. एकदा तर प्रवचन रंगात आलेलं असताना फादरांची बेरीज त्यांनी पहिल्या बाकावरून सुधारली होती! अशी बाई निवृत्त झाल्यावर काय करील? सोसायटीची सेक्रेटरी होईल. पण टीचरांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि जिथे उत्तर द्यायलाच बंदी, अशी सेवा पत्करली.

या सेवेचा नियम साधा, आणि टीचरांसाठी जीवघेणा. समोरचा माणूस आपल्या प्रार्थनेत काय घडतं ते सांगतो, आपण ऐकायचं. देव त्याला कुठे नेतोय हे त्याचं त्याला दिसावं, एवढ्यापुरतंच विचारायचं. ‘असं कर’ म्हणायचं नाही. तराजू त्याचा, आपण फक्त काटा मारायचा नाही. जीभ आवरत नाही म्हणून टीचर तोंडात खडीसाखरेचा खडा धरतात. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा त्यांचा स्वतःशी करार. फारच उबळ आली की त्या खडा कडाकड चावून संपवतात, हा भाग वेगळा.

टोकरखाड्यातल्या त्यांच्या फ्लॅटवर माणसं एकेकटी येतात, तासभर बसतात, आणि डोळे पुसत, हसत बाहेर पडतात. समोरच्या रोहिणी सावंतांनी पहिलं वर्षभर त्यांना ज्योतिषीणच मानलं होतं. “आमच्या अभिजीतची पत्रिका बघाल का हो, नलिनीताई?”

आणि मग आली सोनम. सुरंगी गावची पोर, टीचरांची जुनी विद्यार्थिनी, गलोंड्याच्या दोरा कारखान्यात मशीनवर. तिच्यापुढे दोन वाटा होत्या: सिस्टरांच्या मठात जायचं, की कारखान्यातल्या सुमितशी लग्न करायचं? मठाला महिनाअखेरच्या रविवारी उत्तर हवं होतं. गावातून पहिली सिस्टर होणार म्हणून सुरंगीत नाचासाठी तारपा वाजवणाऱ्यालाही सांगून झालं होतं. सोनम मात्र म्हणायची, “आई म्हणते जा. सिस्टर म्हणतात ये. सुमित म्हणतो थांब.” या सगळ्यांत सोनम काय म्हणते, ते काही ऐकू येत नव्हतं.

टीचरांनी तिला जुनी, कसाला उतरलेली रीत दिली. काही दिवस मठाचं पक्कं झालंय असं धरून वाग, मग काही दिवस लग्न ठरलंय असं धरून. कुणाला सांगू नकोस. मन कुठे निवतं ते बघ.

सोनम तिकडे मन बघत होती, आणि इकडे टीचरांचं मन बेभान धावत होतं. आपल्या हाताखालची पोरगी सिस्टर होणार! उत्साहाच्या भरात त्या बाजारात गेल्या आणि सिस्टर नेसतात तशी पांढरीशुभ्र सुती साडी घेऊन आल्या. नाव न सांगता त्यांनी ती रोहिणींना दाखवलीही. नाव सांगायची गरजच नव्हती; टीचरांकडे येणारी तरुण मुलगी एकच होती.

उत्तराच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर सोनम आली. टीचरांनी खडा तोंडात टाकला. पोरगी तोंड उघडणार, तोच रोहिणी वाटीभर खीर घेऊन दारात.

“अगं बाई, आलीस का? बघितलीस साडी? काय मऊ सूत आहे गं, सिस्टरबाई!”

टीचरांचा खडा सरळ घशात गेला. खोकून खोकून त्या लाल झाल्या. रोहिणींनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं, आणि आपण काहीतरी घोळ घातलाय एवढं ओळखून खीर ठेवून सटकल्या.

“म्हणजे तुमचं ठरलेलंच होतं,” सोनम म्हणाली.

“सोनम, ऐक…”

“नाही ऐकत! टीचर, मठाला हो म्हणायचं, हे मी आज सांगायला आलेली! येताना सगळा रस्ता आनंदात होते. आता कसं समजणार मला, ते हो माझं होतं की तुमचं? सगळे ओढतात म्हणून तर तुमच्याकडे आले मी!”

शाळेत हळू आवाजात ‘हजर’ म्हणणारी पोर ती!

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मी काटा मारला. हवं तर दुसऱ्या कुणाकडे जा. रविवारचं मी बघते, सिस्टरांना फोन करून सांगते की…”

“तुम्ही नाही!” सोनमने स्वतःचा मोबाईल काढला. “सिस्टर, सोनम बोलते. उद्या उत्तर नाही देणार… नाही, आजारी नाही. टीचरांनी पण नाही सांगितलं, मीच सांगते. मला टाइम पाहिजे.” पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. सोनमने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तेव्हा पण हो असेल तर हो सांगेन. नाहीतर नाही.”

टीचरांना टाळ्या वाजवायच्या होत्या, तिला कडेवर घ्यायचं होतं, निदान शाबासकीचं एखादं वाक्य तरी! पण शाबासकी म्हणजेही काटा मारणंच. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“आणि दुसरीकडे नाही जाणार,” सोनम चपला घालता घालता म्हणाली. “पहिल्यापासून सगळं परत कोण सांगणार? गुरुवारी येते. पण टीचर, बाजारात जायचं नाही.”

“नाही जाणार,” टीचर आज्ञाधारकपणे म्हणाल्या.

ती जिना उतरली, आणि रोहिणींचं दार लगेच उघडलं. “ताई, ओरडत होती ना ती? माझ्यामुळे सगळं फिस्कटलं का हो?”

टीचरांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता. त्यांनी रोहिणींचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

“अहो, मग हसताय कसल्या? काय झालं काय?”

“सांगता येत नाही!” टीचर म्हणाल्या आणि पुन्हा हसत सुटल्या.