ओल्या सागाखालचं माप

आभाळाची वेळ घेऊन घराबाहेर पडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच नशिबी साडू म्हणून आला. बोईसरच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं घ्यायच्या गेजा तपासण्यात साडूभाऊंची नोकरी संपली. मग त्यांनी हातात मावेल असं जीपीएस यंत्र घेतलं आणि ते मनोरच्या पुढच्या डोंगरातल्या लोकांची वनहक्काच्या दाव्यातली शेतं मोजून द्यायला लागले, तीही फुकट. रविवारी ते घिवलीच्या किनाऱ्यावर एकाच दगडावर उभे राहून यंत्र आज किती बहकतं ते बघत. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीने शेवटी विचारलंच, "काय हरवलंय, दादा?" हे म्हणाले, "मीच. पण फार नाही, तीन मीटर."

उपग्रहांना ते पाहुणे म्हणत. चौघं आल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि चौघंही आभाळाच्या एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने बसले असतील तर त्यांचं ऐकायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. असाच दावा केलेल्या काशीबाईच्या शेतावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा यंत्राकडे बघत ते पुटपुटले, "अजून चार पाहुणे यायचेत." तासाभराने बघतो तर काशीबाईने चार माणसांचा जादा भात आणि सुकटीचं कालवण करून ठेवलेलं. "पाव्हणं नाय आलं?" तिने विचारलं. "आले, पण वरच थांबले," साडूभाऊ म्हणाले आणि लाजेने तिघांचं जेवले. चौथ्याचं मी जेवलो. तेवढं एक काम मी त्या दाव्यात चोख केलं.

कारण खऱ्या मोजणीच्या दिवशी साडूभाऊंना ताप होता, आणि "मोबाइल चालवतोच की मी," म्हणून यंत्र घेऊन मी निघालो. अंथरुणातून त्यांनी बजावलं होतं, "ढगांना घाबरू नका, भिजलेल्या पानांना घाबरा. कड्याच्या पायथ्याशी तर दहा मिनिटं हलू नका. उपग्रहाची हाक कड्यावर आपटून उशिरा येते आणि यंत्र फसतं." शेताचा खालचा कोपरा नेमका कड्याखाली, सागाच्या झाडीत. धो धो पाऊस, पायाला जळवा. यंत्रावर अचूकतेसमोर अडतीस आकडा दिसला. शाळेत मला पन्नासपैकी अडतीस कधी पडले नव्हते, त्यामुळे मी खूश होऊन बटण दाबलं आणि पळालो. ते अडतीस म्हणजे अडतीस मीटरची चूक होती, हे मला नकाशा आल्यावर कळलं.

तोवर कागद पक्का झाला होता. कोपरा उडी मारून ओहोळापलीकडे गेला होता. पाणी धरून ठेवणारं काशीबाईचं एकुलतं एक खाचर कागदाबाहेर पडलं आणि बदल्यात तिला ओहोळातले धोंडे मिळाले. तिने नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. "भात तं हितंच पिकतंय. मंग ह्यो कागद कोनाचा हाय?" दुरुस्तीच्या अर्जात साडूभाऊंनी लिहिलं, "मापात चूक माझी."

त्याला तीन वर्षं झाली. कोळगावच्या जिल्हा कचेरीच्या फेऱ्या चालूच आहेत. अर्ज पुढे सरकला की ताजं माप मागतात. म्हणून दर फाल्गुनात, साग पानं गाळून उघडा पडला की आम्ही दोघं त्या कोपऱ्यावर जातो. साडूभाऊ यंत्र डोक्यावर धरून उभे राहतात. यंदा मात्र त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी अर्धा तास हललो नाही. नाकावर माशी बसली, तरी नाही. "झालं का?" मी विचारलं. "अजून थांबा," ते हळूच म्हणाले. खाली खाचराच्या कडेला काशीबाईने पालापाचोळ्याचा राब पेटवला होता. रोपांची जागा तिला वेळेवर भाजून ठेवायची होती.